वीणा खाली का ठेवत नाहीत?

आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की मारुतीच्या देवळाच्या खांबाला पुठ्ठ्यावर लिहिलेली एक यादी टांगली जाते. तिला पहाऱ्याची यादी म्हणतात. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली टेकवायची नसते. ती सतत कोणाच्या तरी गळ्यात असावी लागते आणि नाम चालू राहावे लागते, म्हणून दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग पाडून प्रत्येक भागापुढे नावे लिहिलेली असतात. संध्याकाळचे पहारे सोपे, कारण हरिपाठाला आणि कीर्तनाला देऊळ भरलेले असते. अवघड असतो तो रात्री दोन ते चारचा. त्या वेळी समईची वात, कोपऱ्यात घोंगडी पांघरून पडलेली दोन-तीन माणसे आणि वीणेची एकसुरी तार एवढेच तिथे जागे असते.

काही वर्षांपूर्वी त्या वेळेला मी देवळात गेलो, तेव्हा वीणा एका निवृत्त शिक्षकांच्या गळ्यात होती. देवावर आपला विश्वास नाही, हे त्यांनी गावापासून कधी लपवले नव्हते. पहारा संपल्यावर मी त्यांना विचारले, "गुरुजी, तुम्ही इथं कसे?" ते म्हणाले, "यादीत माझं नाव आहे. मी आलो नसतो तर आधीच्या माणसानं वीणा कोणाच्या गळ्यात घातली असती?"

समान मूल्ये आणि श्रद्धा माणसांचा समूह कसा बांधतात, हा प्रश्न समाजशास्त्रात दीडशे वर्षे चर्चेत आहे. त्या सगळ्या चर्चेचा गाभा मला गुरुजींच्या या उत्तरात दिसतो. आपण सहसा असे समजतो की सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट असते म्हणून समूह टिकतो. प्रत्यक्षात सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट क्वचितच असते. समूह टिकतो तो 'दुसरा आपली पाळी चुकवणार नाही आणि तो माझीही वाट पाहत असेल' या परस्परांच्या भरवशावर. हा भरवसा कसा तयार होतो, तो कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीला काही शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत, कारण बोलताना आपण ते एकमेकांत मिसळतो. नामस्मरणाने मनुष्य तरतो, असे मानणे ही श्रद्धा झाली. जग कसे आहे याविषयीचे ते एक विधान असते. सप्ताहाच्या दिवसांत गावात आलेला कोणीही उपाशी परत जाऊ नये, असे वाटणे हे मूल्य झाले. काय चांगले आणि काय वाईट हे ते सांगते. प्रत्येक घराने ठरलेल्या दिवशी पंगतीचा शिधा द्यावा आणि पहाऱ्याला यावे, हा दंडक झाला. तो मोडला तर लोक नावे ठेवतात, आणि पाळला तर कोणी कौतुक करत नाही. वीणा खाली न ठेवणे हा विधी आहे. गुरुजींची श्रद्धा नव्हती, परंतु मूल्य त्यांना मान्य होते, दंडक ते पाळत होते आणि विधीत सामील होते. चारांपैकी तीन धागे जुळले तरी माणूस समूहात घट्ट राहू शकतो, आणि कधीकधी एका धाग्यावरही राहतो.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांमध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांच्याही कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, उत्तर आफ्रिकेतील इतिहासकार इब्न खल्दून यांनी 'असबिय्या' हा शब्द वापरून वाळवंटातल्या टोळ्यांची एकजूट आणि राज्य मिळाल्यावर होणारा तिचा ऱ्हास समजावून सांगितला होता. दुर्खीम यांनी १८९३ साली दोन प्रकारची एकजूट वेगळी करून दाखवली. पहिलीत माणसे एकसारखी असल्यामुळे एकत्र असतात. त्यांचे काम, देव, सण आणि अन्न सारखे असते. दुसरीत माणसे वेगवेगळी असल्यामुळे एकमेकांवर अवलंबून असतात. लातूरच्या मोंढ्यातला आडत्या, हमाल, ट्रकवाला आणि सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी एकाच देवाचे भक्त असतीलच असे नाही, पण एकाचे काम थांबले की बाकीच्यांचेही थांबते. ही दुसरी एकजूटही नुसत्या व्यवहारावर चालत नाही, हे दुर्खीम यांनी आग्रहाने सांगितले. तोंडी सौदा पाळला जावा आणि वजनात खोट नसावी, ही मूल्ये कराराच्या आधी रुजलेली असावी लागतात. करारातून ती निर्माण होत नाहीत.

पुढे १९१२ मध्ये त्यांनी विधींविषयी जे लिहिले, ते काल्याच्या कीर्तनाला उभ्या राहिलेल्या माणसाला पटकन कळेल. शेकडो माणसे एकाच वेळी एकाच तालावर टाळ्या वाजवतात, एकच नाम उच्चारतात, तेव्हा प्रत्येकाला स्वतःपेक्षा मोठे असे काहीतरी अंगात संचारल्यासारखे वाटते. दुर्खीम यांच्या मते ती शक्ती म्हणजे समूहच असतो. माणसे तिला देवाचे, झेंड्याचे किंवा भूमीचे नाव देतात. भाविकाला हे मान्य होणार नाही, आणि ते मान्य करण्याची गरजही नाही. एवढे मात्र दोघांनाही पटेल की असा अनुभव अधूनमधून पुन्हा घेतला नाही, तर मूल्ये मनात असूनही थंड पडतात. सप्ताह दरवर्षी का बसवावा लागतो, याचे एक उत्तर यात आहे.

मात्र उत्साह ओसरल्यावर, रात्री दोन वाजता, समूहाला कोण धरून ठेवते? इथे अलीकडच्या अभ्यासकांची मदत होते. एखादा सामाजिक दंडक टिकतो तो दोन अपेक्षांवर, असे ते सांगतात. पहिली अपेक्षा अशी की माझ्या आजूबाजूचे बहुतेक लोक हे करतात. दुसरी अशी की मीही ते करावे, असे त्या लोकांना वाटते. या दोन्ही गोष्टी दिसाव्या लागतात, नुसत्या असून भागत नाही. म्हणूनच यादी देवळाच्या खांबाला टांगली जाते, कोणाच्या घरी कपाटात राहत नाही. तुमचे नाव तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक असते. सभेत हात वर करणे, लग्नात साक्षीने अक्षता टाकणे, ग्रामसभेत ठराव वाचून दाखवणे या सगळ्यांमागे हेच तत्त्व आहे.

या यंत्रणेची एक वाईट बाजू आहे आणि तिच्यामुळे आमच्या भागातील कितीतरी घरे कर्जात बुडालेली मी पाहिली आहेत. मुलीच्या लग्नात हुंडा, मानपान आणि हजार माणसांची पंगत असलीच पाहिजे, असे गावात किती जणांना मनापासून वाटते? पारावर एकेकाला बाजूला घेऊन विचारा, बहुतेक जण म्हणतील की ही पद्धत मोडली पाहिजे. तेच लोक पुढच्या हंगामात सावकाराकडे किंवा पतसंस्थेकडे जातात, कारण प्रत्येकाला वाटते की मी एकटाच असा विचार करतो आणि बाकीचे नावे ठेवतील. मनातून नको असलेला दंडक सगळे मिळून पाळतात, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनाचा अंदाज चुकीचा करतो. अशा दंडकाला वरवर पाहता समान मूल्याचा आधार दिसतो. खरे पाहता तिथे समान गैरसमज असतो, आणि तो घरोघरी जाऊन उपदेश केल्याने जात नाही. तो जातो जेव्हा पुष्कळ लोक एकमेकांसमक्ष, एकाच वेळी, 'आम्हाला हे नको' असे म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांना कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला लावण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला, त्याचे बळ यातच होते. त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींनी हा आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. ही प्रथा वाईट आहे, हे त्याआधी पुष्कळांना कळत होते. ते इतरांनाही कळते आहे, हे मात्र त्या दिवशी उघड झाले.

आता काही क्षण वेळ अमावस्येच्या शेतात जाऊ, कारण मूल्ये शब्दांशिवाय कशी शिकवली जातात हे तिथे जवळून दिसते. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावे आणि शहरांतली घरेही रिकामी होतात, सगळे शेतात. बोलीत तिला 'येळवस' म्हणतात. ज्वारी निसवण्याच्या बेतात असते, हरभरा घाट्यांवर येऊ लागलेला असतो. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी खोप उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि त्यांची पूजा होते. घरातल्या बायका आदल्या रात्रीपासून राबलेल्या असतात. पालेभाज्या, वाल, हरभरा, तूर, वाटाणे असे जे जे मिळेल ते बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली ताकाची आंबट आंबील असा स्वयंपाक टोपलीत भरून डोक्यावरून शेतात नेला जातो.

लहानपणी मला त्यातले एक काम दिलेले असे. आमच्या शेताला लागून बैलगाडीची वाट आहे. त्या वाटेच्या कडेला उभे राहायचे आणि जो कोणी जाईल त्याला जेवायला बोलवायचे. ओळखीचा असो, नसो. एकदा एक भंगारवाला सायकलवरून चालला होता आणि मी त्याला हाक मारली नाही, कारण मला वाटले की तो आपल्यापैकी नव्हे. आजीने लांबून पाहिले होते. ती मला काही बोलली नाही. स्वतः पदर खोचून वाटेपर्यंत गेली, त्याला घेऊन आली, आणि त्याच्या हातावर पाणी घालायला तांब्या माझ्या हातात दिला. 'आलेल्याला जेवू घालावे' हे वाक्य मी तोपर्यंत अनेकदा ऐकलेले होते. त्याचा अर्थ मला त्या तांब्याने समजला.

या सणाची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो मराठी भाषेच्या सीमेवर थांबत नाही. उत्तर कर्नाटकातही 'एळ्ळ अमावस्ये' या नावाने तो शेतातच साजरा होतो आणि आपले नाव तिकडून आले असावे असे मानले जाते. भाषा वेगळी, राज्य वेगळे, पण काळ्या रानातली ज्वारी आणि तिच्याभोवती गुंफलेले आचार एकच. म्हणजे माणसांचे समूह एकावर एक अंथरलेल्या गोधड्यांसारखे असतात. एकाच माणसावर भाषेची एक, पिकाची दुसरी, पंथाची तिसरी आणि देशाची चौथी गोधडी असते, आणि कोणत्या थंडीत तो कोणती ओढून घेईल हे परिस्थिती ठरवते.

मराठवाड्याच्या इतिहासात अशा परिस्थितीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे हैदराबाद संस्थान. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या प्रजेचे ते राज्य होते. कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतून दिले जाई. उघड राजकारणावर बंधने होती, म्हणून मराठी माणसांनी ग्रंथालये, खासगी शाळा, व्याख्याने आणि साहित्य संमेलने उभी केली. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे स्वतःला एका समूहाची का समजतात, याचे उत्तर देताना बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८३ मध्ये राष्ट्राला 'कल्पिलेला समाज' म्हटले. कल्पिलेला म्हणजे खोटा नव्हे. एकाच भाषेत तेच वृत्तपत्र त्याच दिवशी वाचणारी हजारो अनोळखी माणसे आहेत, याची कल्पना करता येऊ लागली की 'आपण' हा शब्द गावाच्या वेशीबाहेर पोचतो, एवढाच त्याचा अर्थ. वाचनालयाच्या चार बाकांवर परभणीच्या माणसाचा 'आपण' धाराशिवपर्यंत असा पोचला.

निजामाच्या राजवटीविरुद्ध झालेल्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म कर्नाटकातील सिंदगीचा. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारे हैदराबादचे तरुण संपादक शोएबउल्लाह खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. त्या काळाची कथा केवळ दोन धर्मांची म्हणून सांगितली जाते तेव्हा हे नाव गळते, आणि मला ते फार खुपते. जबाबदार राज्यपद्धती हवी, हे मूल्य जन्माच्या सीमा ओलांडत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १७ सप्टेंबरला आजही आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडावंदन करतो, आणि ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांनाही त्या आठवणीचे वारस केले जाते. सामायिक आठवण ही अशी वर्षानुवर्षे हातोहात द्यावी लागते. ती आपोआप टिकत नाही.

इथपर्यंतचे वर्णन सुखाचे आहे. पण समान मूल्यांचा विषय प्रामाणिकपणे समजून घ्यायचा असेल तर पंगतीत कोण बसते, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वारकरी परंपरेचे पुष्कळ आधारस्तंभ आपल्या या भागातले आहेत. नामदेव हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, गोरोबाकाका तेरचे, एकनाथ पैठणचे. शिंपी, दासी, कुंभार आणि ब्राह्मण एकाच विठ्ठलाला आळवतात आणि एकमेकांना संत म्हणतात, ही तेराव्या-चौदाव्या शतकापासून उभी राहत गेलेली गोष्ट सामान्य नाही. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणजे तिने प्रदेश आणि पंथ दोन्ही ओलांडले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांना महाराष्ट्राची नवी व्याख्या सापडली: ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. परंतु त्या वारीवर लिहिलेल्या लेखातच त्यांनी हेही नोंदवले की आपल्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांची जेवणे वेगळी होत होती आणि त्याचे दुःख त्यांना रोज होत होते. नामदेवांच्या मांदियाळीतील चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापुढे, नामदेव पायरीजवळ आहे. ते जिवंतपणी त्या दाराच्या आत जाऊ शकले नाहीत, आणि ते दार अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देवापुढे सगळे सारखे, हे मूल्य सहाशे वर्षे कीर्तनातून सांगितले जात होते, ऐकणारे डोळे पुसत होते आणि दार बंद होते. उच्चारलेले मूल्य आणि पाळलेला दंडक यांच्यात एवढे अंतर पडू शकते, आणि समूह ते अंतर न बघता शतकानुशतके स्वतःला एकसंध समजू शकतो.

बाहेरच्याला बाहेर ठेवण्यासाठी माणसाला किती थोडे कारण पुरते, हे मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांतून १९७०च्या सुमारास दाखवले. मुलांना काही चित्रे दाखवून, तुम्हाला अमुक चित्रकार आवडतो म्हणून तुम्ही या गटात, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले होते. कोण कोणत्या गटात आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, आपण केलेल्या वाटणीतून त्यांना स्वतःला काहीच मिळणार नव्हते. तरीही पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि आपल्या गटाला जास्तीत जास्त मिळण्यापेक्षा दुसऱ्या गटाशी फरक राखणे पुष्कळांना महत्त्वाचे वाटले. तासाभराच्या खोट्या गटाने एवढे होत असेल, तर पिढ्यानपिढ्यांच्या जातीने काय होईल?

मराठवाड्याने ते पाहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एका बाजूला 'मराठवाडा' हे नाव प्रदेशाच्या अस्मितेचे प्रतीक झाले होते. दुसऱ्या बाजूला, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढून ज्यांनी या भागातील दलितांना शिक्षणाचे दार उघडून दिले, त्यांचे नाव हा मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न होता. मतभेद नावाबद्दल होता असे म्हणणे अपुरे आहे. 'आपण' या शब्दात कोण मोजला जातो, हा तो प्रश्न होता, आणि ज्यांची घरे जळली त्यांना त्याचे उत्तर घरे जाळून दिले गेले. जात पंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तोही समूहाच्या एकजुटीची किंमत एकट्या माणसाने कशी मोजली याचा पुरावा आहे.

मग वेगळ्या झालेल्या गटांना जोडते काय? याविषयीचा एक जुना प्रयोग पाण्याच्या टंचाईपाशी वळण घेतो, म्हणून मराठवाड्याच्या वाचकाला तो विशेष जवळचा वाटेल. १९५४ च्या उन्हाळ्यात मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या एका शिबिरात अकरा वर्षांच्या आसपासची २२ मुले दोन गटांत ठेवली. आधी दोन्ही गट स्वतंत्रपणे राहिले, मग त्यांच्यात रस्सीखेच आणि खेळांच्या स्पर्धा लावल्या गेल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणे आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी सुरू झाल्या. त्यांना एकत्र जेवायला बसवले, तेव्हा त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. यानंतर शिबिराचे पाणी बंद पाडले गेले आणि दोष शोधायला दोन्ही गट लागले. मालमोटार बंद पडली, तेव्हा ज्या दोराने रस्सीखेच खेळली होती त्याच दोराने दोघांनी मिळून ती ओढली. अशी अनेक कामे झाल्यावर वैर निवळले. संशोधकांनीच चुरस पेटवली होती, अशी टीका या प्रयोगावर पुढे झाली आणि ती रास्त आहे. तरी एक धडा त्यातून निघतो: नुसती एकत्र पंगत पुरत नाही, एकट्याने होणार नाही असे काम दोघांच्या हाती असावे लागते.

यावर कोणी म्हणेल, मग दुष्काळाने आपण सगळे एक व्हायला हवे होते. तसे आपोआप होत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होतील म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टंचाई जोडतेही आणि तोडतेही. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते सामायिक कुरणे, जंगले आणि पाणी यांच्या अभ्यासासाठी. लोकांनी स्वतः नियम ठरवले, नजर ठेवणारेही त्यांच्यातलेच असले आणि चूक करणाऱ्याला आधी सौम्य मग कडक दंड झाला, तर माणसे सामायिक साधन टिकवून ठेवतात, असे त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवले. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले आणि पावसाचा हिशेब करून पिके ठरवली. आमच्याकडे उलट घडत गेले. आडाला आणि सामायिक विहिरीला पाळी असे. भावकीतले लोक मोटेचे दिवस वाटून घेत, भांडत आणि पुन्हा वाटून घेत. बोअर आले आणि ज्याची मशीन खोल जाईल त्याचे पाणी झाले. पाण्याबरोबर पाळीही आटली, आणि पाळीबरोबर, सकाळी दोर धरून उभे असताना होणारे बोलणेही. इर्जिक आणि वारंगुळा हे शब्द माझ्या वडिलांच्या पिढीला रोजचे होते: एकाच्या रानात सगळ्यांची औते आणि जेवण त्याच्या घरचे, किंवा आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. ट्रॅक्टर आल्यावर त्यांची गरज उरली नाही, आणि मी ट्रॅक्टरला दोष देत नाही, कारण औतामागे चालून पाय फुटलेले वडील मी पाहिले आहेत. पण त्या कामांत परस्परांचा जो भरवसा तयार होत होता, तो आता कशात तयार होणार, हे आम्ही ठरवलेले नाही.

पहाऱ्याच्या यादीलाही तीच अडचण आली. तरुण मुले पुण्याला आणि चाकणला गेली. ती वर्गणी पाठवतात, काल्याच्या दिवशी येतात, पण रात्री दोन ते चारच्या रकान्यात लिहायला नावे कमी पडू लागली. एका वर्षी त्या रकान्यापुढे माझ्या चुलतीने स्वतःचे नाव लिहायला सांगितले. आमच्या गावात तोपर्यंत बायका काकड्याला आणि हरिपाठाला येत, रात्रीचा पहारा पुरुषांचा असे. दोन-तीन जणांनी कुरकुर केली, पण नाव लिहायला दुसरे कोणी पुढे आले नाही. ती आणि शेजारची एक बाई अशा दोघी सातही रात्री गेल्या. पुढच्या वर्षी चार बायकांची नावे होती आणि त्यांतल्या दोघी अशा वस्तीतल्या होत्या जिथून पूर्वी फक्त शिधा घेतला जाई. त्यावर सभा झाली नाही, ठरावही झाला नाही. पहाट होण्याआधी एकीने दुसरीच्या गळ्यात वीणा घातली आणि घोंगडीत पडलेल्या म्हाताऱ्याने डोके उचलून पाहिले, तेवढेच. यंदाची यादी माझ्या पुतण्याने लिहिली. दोन ते चारच्या रकान्यात त्याने काही न विचारता आधी त्यांची नावे लिहिली आणि मग तो बाकीच्या रकान्यांसाठी माणसे शोधायला निघाला.